कॅफे लेना, पासिम आणि न्यूपोर्ट : एक गिटार, एक आवाज ऐकायला केलेली ट्रिप

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात जायचं जमतंय असं दिसल्याबरोबर आम्ही न्यूपोर्ट फोक (म्हणजे लोकसंगीताच्या वळणाची गाणी) फेस्टिवलच्या मागे लागलो आणि बाकीची सगळी ट्रिप त्याच्याभोवती बसवली. आम्ही तिघंही सिंगर-साँगरायटर प्रकाराचे पक्के फॅन, म्हणजे स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि गिटार घेऊन एकट्यानं समोर उभं राहायचं असे जे गाणारे असतात त्यांच्यासाठी आम्ही कुठेही जाऊ. रूट असा होता : आधी न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जचं छोटंसं कॅफे लेना, तिथून बॉस्टनला चिकटून असलेल्या केंब्रिजमधला तसाच छोटा क्लब पासिम आणि शेवटी ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट. आता हे सगळं करून आल्यावर माझं ठाम मत झालंय की याच क्रमानं जावं, लहान खोलीकडून मोठ्या मैदानाकडे. का ते पुढे येईलच.

साराटोगाचं कॅफे लेना १९६० साली सुरू झालं. लेना स्पेन्सर आणि तिचा नवरा बिल यांनी काढलेलं हे कॉफीहाऊस, पुढे लेना एकटीनंच १९८९ मधे ती जाईपर्यंत चालवलं आणि त्यानंतरही लोकांनी ते बंद पडू दिलं नाही. फिला स्ट्रीटवर, वरच्या मजल्यावर, शंभरेक माणसं बसतील एवढी जागा. २०१६ मधे मोठं रिनोवेशन झालं तेव्हा लिफ्ट पण आली, त्यामुळे ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी बिनधास्त जावं. १९६१ मधे पुढे गाजलेला गायक-गीतकार बॉब डिलन इथे गायला तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, लोक आपापसात बोलत बसले होते आणि शेवटी बिल स्पेन्सरनं मधे पडून प्रेक्षकांनाच झापलं असा किस्सा सांगतात. मला हा किस्सा फार आवडतो कारण या जागांचा सगळा जीव त्याच्यात आहे. इथे ऐकणं हे काम आहे आणि ते प्रेक्षकांनी करायचं असतं.

त्या रात्री जी गायिका होती तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तुम्ही जाल तेव्हा दुसरंच कोणीतरी असेल आणि माझं म्हणणं हेच आहे की नाव ओळखीचं नसलं तरी तिकीट काढा. आम्हाला तिचं एकही गाणं माहीत नव्हतं. पहिल्या गाण्यात खोली इतकी शांत झाली की तिची बोटं तारेवरून सरकताना होणारी ती बारीक किरकिर पण ऐकू येत होती, जी रेकॉर्डिंगमधे बऱ्याचदा पुसून टाकतात. मग दोन गाण्यांच्या मधे ती ट्यूनिंग बदलायला लागली आणि बदलता बदलता बोलायला लागली.

हे ट्यूनिंगचं जरा सविस्तर सांगते कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटतं की बाई एवढा वेळ काय पिळत बसल्यात. फोकवाले बरेच जण ओपन ट्यूनिंग वापरतात, म्हणजे गिटारच्या तारा नेहमीच्या सुरांऐवजी अशा लावायच्या की काहीही न दाबता नुसत्या छेडल्या तरी एक पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणारे सूर, वाजते. त्यामुळे एकटी गिटार भरलेली वाटते आणि मोकळ्या तारा खाली घुमत राहतात. जोनी मिचेल ही याच प्रकारातली मोठी गायिका, तिला लहानपणी पोलिओ झाला होता, डावा हात कमजोर राहिला, नेहमीच्या कॉर्ड्स धरणं अवघड म्हणून ती या वेगळ्या ट्यूनिंग्जकडे वळली आणि त्यातून तिचा तो एकमेव आवाज तयार झाला. पण याचा अर्थ असा की प्रत्येक गाण्याला ट्यूनिंग वेगळं, एक-दीड मिनिट तारा पिळण्यात जाणार, आणि तेवढा वेळ स्टेजवर गप्प उभं कसं राहायचं, म्हणून मग गोष्टी सुरू होतात. गाणं कुठे सुचलं, कोणावर लिहिलं, कोणाला ते ऐकवायची हिंमत झाली नाही. मी तर म्हणते की अर्धी कॉन्सर्ट त्या पिळण्यात असते. तेवढ्यात फोन काढू नका, बोलू नका, बाथरूमला पण शक्यतो जाऊ नका.

साराटोगाची एकच प्रॅक्टिकल अडचण. उन्हाळ्यात तिथे घोड्यांच्या रेस असतात, १८६३ पासूनचा रेसकोर्स आहे, आणि जुलैच्या मध्यापासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गावातल्या हॉटेलांचे दर बघवत नाहीत. आम्ही ऑल्बनीला राहिलो, गाडीनं साधारण अर्धा-पाऊण तास. नुसतं कॅफे लेनाच करायचं असेल तर सरळ सप्टेंबरनंतर जा. गाडी नसेल तर न्यूयॉर्कहून अ‍ॅमट्रॅकची ट्रेन साराटोगाला थांबते, पण परतीची वेळ आधी बघा, शो संपल्यावर ट्रेन मिळेल असं धरून चालू नका.

तिथून केंब्रिज तीन-साडेतीन तासांवर. क्लब पासिमला जायला सबवेची रेड लाईन घ्या आणि हार्वर्ड स्टेशनला उतरा, तिथून पाच मिनिटं पण लागत नाहीत. गाडी हार्वर्ड स्क्वेअरमधे आणायचा विचारच सोडा, पार्किंग शोधताना पहिली दोन गाणी जातील. पासिम रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, अक्षरशः तळघर, विटांच्या भिंती, शे-सव्वाशे खुर्च्या. सुरुवात १९५८ ची, तेव्हा नाव क्लब ४७ आणि जागा माउंट ऑबर्न स्ट्रीटवर, कोवळ्या वयातली फोक गायिका जोन बाएझ तिथे गायची. १९६३ मधे पामर स्ट्रीटवर आले, १९६८ मधे क्लब ४७ बंद पडला, पुढच्या वर्षी त्याच जागेत पासिम सुरू झालं आणि १९९४ पासून ते ना-नफा तत्त्वावर चालतं. आणि एक गंमत, मूळ क्लबचा घर नंबर ४७, पामर स्ट्रीटचा ४७, आणि कॅफे लेनाचा पण ४७! आम्हा तिघांना हे कळल्यावर जो आनंद झाला तो फक्त फॅनांनाच कळेल.

पासिमला लवकर पोचा. टेबलं एकमेकांना लागून आहेत त्यामुळे शेजारच्यांशी ओळख होतेच, आणि ती होऊ द्या. आमच्या शेजारी बसलेलं वयस्कर जोडपं कित्येक वर्षं तिथे येतंय, त्यांनी आम्हाला पेपर नॅपकिनवर नावांची यादी लिहून दिली की यांना ऐकल्याशिवाय परत जाऊ नका. आम्ही आमची यादी दिली. मग मध्यंतरात जे सुरू झालं, कोणाचा आवाज लाईव्हमधे जास्त चांगला, कोण गाण्याचे शब्द दर वेळी बदलतं, कोणाला बँडबरोबर ऐकूच नये, ते दिवे बंद होईपर्यंत थांबेना. दिवे बंद झाल्यावर मात्र सगळे चिडीचूप, पुढच्या टाळ्यांपर्यंत एक शब्द नाही.

मोठ्या नावाचं तिकीट नाही मिळालं तर ओपन माईकची रात्र बघा, पासिमला ती नियमित असते. तिथे अनोळखी माणसं एखाददुसरं गाणं गाऊन उतरतात, काही कच्ची असतात, पण मधेच कोणीतरी असं उभं राहतं की अख्खी खोली पुढे झुकते. स्वतः गाणार असाल तर नाव द्यायच्या वेळा आधी बघून ठेवा. आणि शोच्या आधी हार्वर्ड स्क्वेअरमधे रस्त्यावर गाणाऱ्यांसमोर थोडं थांबा, गायिका ट्रेसी चॅपमन टफ्ट्स युनिव्हर्सिटीत शिकत असताना इथेच रस्त्यावर गायची. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

आता न्यूपोर्ट. जॉर्ज वाईननं १९५९ मधे सुरू केलेला फेस्टिवल, जुलैच्या शेवटी शुक्रवार ते रविवार, जागा फोर्ट अ‍ॅडम्स हा जुना किल्ला, तीन बाजूंनी पाणी आणि समोर पेल ब्रिज. दिवसाला साधारण दहा हजार माणसं. तिकिटांचं आधी सांगते कारण तिथेच बहुतेकांचं अडतं. कोण गाणार हे जाहीर व्हायच्या आधीच तिकिटं विक्रीला येतात आणि भराभर संपतात. लोक नावं बघून घेत नाहीत, फेस्टिवलवर विश्वास ठेवून घेतात. त्यामुळे आदल्या हिवाळ्यापासूनच अधिकृत साईटच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवा, हुकलंच तर त्यांच्याच अधिकृत वेटिंग लिस्टवर रहा, वसंतात प्लॅन बदललेल्या लोकांची तिकिटं सुटतात. बाहेरच्या साईटवर चौपट पैसे देऊन घेऊ नका, त्यातला एक पैसाही गाणाऱ्यांना जात नाही.

न्यूपोर्टमधे राहणं महाग. आम्ही ऱ्होड आयलंडच्याच राजधानीत, प्रॉव्हिडन्सला राहिलो. बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून लोकल ट्रेन प्रॉव्हिडन्सला येते, तिथल्या केनेडी प्लाझावरून ६० नंबरची रिप्टा (ऱ्होड आयलंडची सार्वजनिक) बस न्यूपोर्टच्या गेटवे सेंटरला सोडते, आणि गेटवे सेंटरच्या जवळच पेरॉटी पार्कमधून किल्ल्याकडे बोटी जातात. बोटीनंच जा. रस्त्यानं ट्रॅफिकमधे एक तास काढण्यापेक्षा पाण्यावरून जाताना लांबून साउंडचेक ऐकू यायला लागतो तेव्हा जे होतं पोटात ते शब्दात नाही सांगता येणार. सायकलनं येणाऱ्यांसाठी सायकल ठेवायची सोय आहे. संध्याकाळी शेवटच्या सेटनंतर (एका गाणाऱ्याची सलग गाणी म्हणजे सेट) बोटीला मोठी लाईन लागते, तेव्हा परतीची शेवटची बस कितीला ते फोनमधे लिहून ठेवा.

ऊन हा मुख्य शत्रू. मोठ्या स्टेजसमोर सावली जवळजवळ नाहीच, टोपी, सनस्क्रीन, रिकामी पाण्याची बाटली आणि बसकी खुर्ची न्या, खुर्चीच्या उंचीचे नियम दर वर्षी वाचून घ्या. आणि पातळ जॅकेट पण न्या, कारण चारनंतर खाडीवरून वारा सुटतो आणि दिवसभर भाजून निघालेली माणसं कुडकुडायला लागतात. गाणाऱ्यांचे पण हाल होतात, उन्हात तारा तापून सूर उतरतो, ढग आला की चढतो, एका गाणाऱ्याला प्रत्येक कडव्यामागे एक तार सावरावी लागत होती आणि तरी तो हसत गात होता.

स्टेजची निवड : मोठं स्टेज समुद्राकडे आहे, भव्य आहे, पण एकट्या गिटारवाल्यासाठी किल्ल्याच्या आतल्या अंगणातलं क्वाड स्टेज बघा. तिथे चारी बाजूंनी दगडी भिंती आहेत, आणि पुढे जागा हवी असेल तर आधीच्या गाणाऱ्याच्या सेटलाच जाऊन बसा. आम्ही तसं केलं आणि तो आधीचा सेटच आमच्या दिवसातला सगळ्यात भारी निघाला. सगळी स्टेजं पळत पळत कव्हर करायच्या नादी लागू नका, अर्धी अर्धी गाणी ऐकून हाती काही लागत नाही, या प्रकारात सेट पूर्ण ऐकला तरच गाणाऱ्यानं एकामागून एक गाणी का लावली ते उलगडतं. लहान खोल्या आधी करा असं जे म्हणते ते याच्यासाठी. तिथे कानाला शांत बसायची सवय लागते आणि मग दहा हजार माणसांत पण तो एकटा आवाज पकडता येतो. आमच्यातला एक जण आधी कधी अशा कॉन्सर्टला गेला नव्हता, त्याला थेट न्यूपोर्टला नेलं असतं तर तो पहिल्याच दुपारी कंटाळला असता असं त्यानंच सांगितलं.

डिलननं १९६५ मधे फोकवाल्यांच्या नेहमीच्या साध्या गिटारऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गायलं आणि गोंधळ झाला ती जागा शोधत बरेच जण किल्ल्यात फिरतात. ती इथली नाही. तेव्हा फेस्टिवल गावातल्या दुसऱ्या मैदानावर व्हायचा, मधे १९६९ नंतर बरीच वर्षं बंद होता आणि १९८५ मधे परत सुरू झाला तेव्हा किल्ल्यात आला. लाईनीत उभं असताना यावरून वाद मात्र अजून होतात, लोक डिलनवर ओरडले की खराब साउंडवर, आणि दोन्ही बाजूंची माणसं आपण स्वतः तिथे होतो अशा जोरात बोलतात.

रविवारी लवकर निघू नका, हात जोडून सांगते. २०२२ च्या रविवारी कुठलीही घोषणा नसताना जोनी मिचेल स्टेजवर आली. २०१५ मधे तिच्या मेंदूत अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटला होता, बोलणं, चालणं, गिटार सगळं परत शिकावं लागलं, दोनेक दशकांत तिनं पूर्ण सेट केला नव्हता, आणि ती खुर्चीत बसून गायली, मग उभी राहून गिटार वाजवली. त्या दिवशी तिथे असलेल्या एका बाई आम्हाला बोटीच्या लाईनीत भेटल्या, त्यांच्या शेजारचे लोक ट्रॅफिक चुकवायला वीस मिनिटं आधी निघून गेले होते. ते सांगताना अजून त्यांच्या डोळ्यात पाणी येत होतं, आणि ऐकताना आमच्या.

मर्च टेबलवर, म्हणजे गाणाऱ्यांच्या सीडी-रेकॉर्ड्स विकायला ठेवतात त्या टेबलवर, पैसे खर्च करा. स्ट्रीमिंगमधून या लोकांना फार थोडं मिळतं, तुम्ही टेबलवर घेतलेली एक सीडी किंवा रेकॉर्ड त्यांच्या पुढच्या गावाचं पेट्रोल असते. लहान जागांमधे गाणारा स्वतःच टेबलमागे उभा असतो, तेव्हा कुठलं गाणं का आवडलं ते नेमकं सांगा, त्यांना ते खरंच हवं असतं. तिथे ईमेल यादीचा कागद असतो त्यावर नाव लिहा, कुठल्या गावात किती ऐकणारे आहेत हे त्यांना त्यावरून कळतं आणि पुढची टूर त्या हिशोबानं ठरते.

न्यूपोर्टचं तिकीट नाहीच मिळालं तर दोन मार्ग आहेत. एक, पाण्यातून. किल्ल्यासमोर होड्या आणि कयाक नांगरून लोक दिवसभर ऐकतात, दिसत फारसं नाही पण वारा बरोबर असेल तर आवाज छान येतो. दुसरा, पासिमचा कॅम्पफायर फेस्टिवल, मे अखेरच्या मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या लेबर डेच्या वीकेंडला असतो. तिघं-चौघं गाणारे स्टेजवर एका ओळीत बसतात, आळीपाळीनं आपापली गाणी गातात, आणि दुसऱ्याचं गाणं आवडलं की न सांगता मागे साथ धरतात. बहुतेक नावं नवीन असतात. आमचं पुढचं तिकीट त्याचंच आहे, लेबर डेचं.