गॅस न पेटवता

मृग बहाराची संत्री उतरायच्या, म्हणजे उन्हाळा लागायच्या दिवसांत आमच्या वरुडकडे दुपारी गॅसपुढे उभं राहवत नाही. त्यामुळे पुण्याहून आलेली भाची चियाची पुडी ओट्यावर ठेवत “मामी, गॅस पेटवायचाच नाही,” म्हणाली, तेव्हा काय करायचंय हे न विचारताच मी हो म्हटलं. ती दूध, तूप, मध काहीच घेत नाही. सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “मंग खाते तं काय वं तू?”

चियाच्या पुडिंगात कृती म्हणावी असं काही नाहीच. कपभर नारळाचं दूध, चार चमचे चिया, किसलेला गूळ. नारळ आमच्याकडे देवापुढे फुटतो. त्याचं दूध काढायला मिक्सर आणि भाचीचा हट्ट दोन्ही लागले. ढवळायचं, दहा मिनिटांनी परत ढवळायचं, नाहीतर तळाशी गोळा बसतो. मग फ्रीज. “सब्जाच हाय हा, नाव बदलून इकून राह्यले,” सासूबाईंचा निकाल. सब्जा पाण्यात पडला की फुगतो, चियाला दोनेक तास लागतात, एवढं सांगून पाहिलं. कूळ मात्र दोघांचं तुळशीचंच, त्यामुळे त्या अगदीच चुकल्या नव्हत्या. मूळचा मेक्सिकोकडचा हा चिया आता आपल्या वाशीमकडेही रब्बीत पेरतात. पुडीतला कुठल्या वावरातला होता कोण जाणे.

त्यातलं संत्र्याचं काम मी कुणाला देत नाही. साल आधी किसायची, फळ मग सोलायचं. नागपुरी संत्र्याची साल सुटी, किसणीवर नुसती सरकते. पांढरं दिसलं की थांबायचं, ते कडू. रस हातानंच, तोही वाढताना. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, आणि आमच्या संत्र्याचा रस ठेवला की तसाही कडवट होतो. फोडींवरचा पापुद्रा काढल्याशिवाय मी संत्रं तोंडात घालत नाही. माहेरी यावरून “बगीचेवाल्याची पोरगी” म्हणून चिडवायचे, खुशाल चिडवोत.

किसता किसता तो वास आला आणि मी थेट लोडशेडिंगमधल्या ओसरीवर. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल दुमडून पिळली की तेलाचे बारीक शिंतोडे तडतडत पेटायचे. आम्ही पोरं त्यासाठी वीज जायची वाट बघायचो. भावाला ज्योतीपेक्षा माझे डोळे जास्त आवडायचे. आग आग व्हायची, आणि बोंबलले तर आई दोघांनाही धरून बदडायची. उरलेल्या साली पत्र्यावर वाळायच्या, उटण्यासाठी.

पुडिंग छान झालं. सासूबाईंनी वाटीभर खाल्लं, वरून साय घालून. भाचीनं मान फिरवली.

तिनं फोटोही काढला. त्यात दिसत नाही, पण फळं सगळी चुरी, म्हणजे बारीक माल होता. व्यापाऱ्यानं मोठा माल तोडून नेला, चुरीला यंदा हात लावला नाही. धुऱ्यावर ढीग पडलाय. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणतात. चुरीपर्यंत ते पोचलेलं नाही. इकडे झाडांवर पुढचा, आंबिया बहार नुकता धरलाय आणि बोअर तासाभरात गुळण्या टाकायला लागते. आणखी खोल जायचं की निम्मी झाडं काढायची, हे यांनी काल जेवताना विचारलं. अजून काही ठरलेलं नाही.