१५५ सेंमीची स्कीची जोडी का सुटत नव्हती, ते सापडलं

सापडलं! फेब्रुवारीपासून मी गुडघ्यांना आणि कमरेला दोष देत होते, आणि खोट निघाली स्कीच्या तळात.

गुलमर्गचं रडगाणं मागे सांगून झालंय, थोडक्यात पुन्हा. स्कीची लोखंडी कड बर्फ छान पकडायची, पण पुढच्या गेटसाठी सोडायला गेलं की स्की सुटायचीच नाही. स्लॅलममध्ये, म्हणजे गेटच्या खांबांमधून झटपट वळत उतरायच्या शर्यतीत, बाद व्हायला एवढं अडकणं पुरतं. भारताचा आरिफ खान २०२२ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमला (त्यात गेट लांब लांब असतात) ४५वा आला, पण स्लॅलमची पहिली फेरी त्याचीही पुरी झाली नाही. सर म्हणायचे, वजन उशिरा बदलतेस. म्हणून घरी आल्यापासून दोन महिने रोज पहाटे इनलाइन स्केटवर तेच घोटतेय. तिथे मात्र वजन वेळेवर जातं. शंका आली ती तिथेच.

रविवारी जोडी घेऊन उद्यमनगर गाठलं. मिस्त्रीकाकांनी स्की पहिल्यांदाच हातात घेतली, पण तळावर स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आडवी ठेवून मागून बॅटरी धरली आणि मधोमध उजेडाची फट! त्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) गेलं ०.१० मिमीचं. कडा रुळांसारख्या उंच, तळ खोलगट, चक्क ‘रेल्ड’ स्की. आता हिशेब बघा. कड सहज सुटावी म्हणून तळाकडून तिला आपण ०.७ अंश उतार देतो, २ मिमीच्या कडेवर तो उतार भरतो जेमतेम ०.०२५ मिमी. खोलगटपणा त्याच्या चौपट!

कारण बहुतेक कपड्यांची इस्त्री. गेल्या हिवाळ्यात तळाला मेण तिनेच वितळवून लावलं होतं. तिचं तापमान सारखं वरखाली होतं, आणि जास्त तापला की पॉलिथिनचा तळ आक्रसतो. ‘घरची इस्त्री चालते’ असं म्हणतात, ते मला आता अजिबात पटत नाही. पैसे साठवा, पण मेणाची खास इस्त्रीच घ्या.

काका म्हणाले, “सरफेस ग्राइंडरवर लावूया की, एका पासात सपाट.” मोह झाला होता. पण ग्राइंडरच्या मॅग्नेटला धरायला लोखंड फक्त कडांपुरतं, त्यात कॅम्बर, म्हणजे स्कीचा मधला उंचवटा. दाबून घासली तर सोडल्यावर तळ कुठे जाईल काय माहीत, आणि दगडाखाली पॉलिथिन वितळणार ते वेगळंच. मग हातानेच. बारा इंची कानस दोन्ही कडांवर एकदम टेकवायची आणि टोकाकडून शेपटीकडे ओढत न्यायची. ऑनलाइन मागवलेली महागडी कानस दुसऱ्या संध्याकाळी बोथट झाली. उद्यमनगरातल्या दुकानातली साधी अजून कापतेय. तिसऱ्या संध्याकाळी खुणेसाठी कडांवर फासलेलं मार्करचं काळं टोकापासून शेपटीपर्यंत एकसारखं निघालं. गेज ०.०२! मी आईला हाक मारून दाखवलं.

आज जोडीतली दुसरी स्की घ्यायची होती. पण हे लिहिताना आठवलं, जायंटची जोडीसुद्धा त्याच इस्त्रीखालून गेलीय. दुसरी थांबली, आधी ती मोजते. शिवाय कानस ०.७ अंशात धरणारा गाइड हाताच्या अंदाजाने नकोच, काकांकडून मिलिंगवर करून घेते. हे सगळं पावसाच्या आत उरकायचंय, म्हणजे कडांवर मेणाचा जाड थर चढवता येईल. गेल्या वर्षी आमच्याकडच्या पावसात आठवड्याभरात गंज धरला होता.