मुंग्यांच्या वसाहतीतून ध्वनिकला: माझी मांडणी आणि अनुभव

मुंग्यांच्या वसाहतीच्या आवाजांतून ध्वनिरचना करताना माइक बाजूला ठेवावा लागतो. मुंग्यांना हवेतून येणारा आवाज जवळजवळ जाणवतच नाही. त्यांच्या पायांच्या नडगीत कंपन टिपणारा अवयव असतो, म्हणजे त्या पायाखालच्या जमिनीतून ऐकतात. त्यामुळे आपणही त्यांना जमिनीतूनच ऐकायचे. माझी सगळी मांडणी याच गोष्टीवर उभी आहे.

जात निवडताना कान लावून निवडावी. बी गोळा करणाऱ्या मुंग्यांसारख्या बऱ्याच जाती कमरेजवळची कड पोटावरच्या बारीक रेघांवर घासून किरकिर काढतात. सुतार मुंग्या आणि मुंगळे यांना हा अवयव नसतो. ते जबडा आणि पोट जमिनीवर आपटून ठोके देतात. किरकिर हवी असेल तर पहिला गट, ताल हवा असेल तर दुसरा. वसाहत राणीसकट आणि निदान शंभरभर कामकऱ्यांची असावी. त्याहून लहान वसाहतीत वर्दळ इतकी तुरळक असते की रचनेला पोत येत नाही. वारूळ खणून राणी काढू नये. मीलनाच्या उड्डाणानंतर पंख गाळून जमिनीवर हिंडणारी राणी मिळते, तिच्यापासूनच सुरुवात करावी आणि वाढीसाठी लागेल तेवढा वेळ द्यावा.

वसाहत जिथे राहते त्या मुख्य घराला मी कुठलाही सेन्सर चिकटवत नाही. प्लास्टरचे घर कंपन शोषून घेते, शिवाय आतल्या ओलीने सोल्डर गंजतो. ऐकायची जागा मुंग्या अन्नासाठी येतात त्या बाहेरच्या डब्यात करायची. ८० मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या कड्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा पत्रा ताणून बसवते आणि त्याच्या खालच्या बाजूने मधोमध २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी) चिकटवते. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ मुंग्यांना घातक असते, म्हणून पत्रा डब्यात नेण्यापूर्वी पूर्ण दिवस उघड्यावर वाळवावा. या पत्र्यावर कोरडे बी ठेवले की जबड्यांची कटकट, टरफल ओढल्याची खरखर आणि पावलांचा अगदी बारीक सडा वेगवेगळा ऐकू येतो. साखरपाण्याचा थेंब मात्र पत्र्याच्या कडेला, छोट्या झाकणात द्यावा. मधोमध दिला तर पत्रा जड होतो आणि आवाज बसका येतो.

पिझोचा आवाज टिनच्या डब्यासारखा किरटा येतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुधा चकतीचा नसतो, जोडणीचा असतो. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे सूर गळत जातात. तीच १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली तर ही सीमा ८ हर्ट्झपर्यंत खाली येते. म्हणून गिटारसाठी असते तसे इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस घ्यावा किंवा मध्ये जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) छोटा प्रीअँप घालावा. चकतीभोवती तांब्याची पट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडली आणि वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवली की विजेची घूं निघून जाते. मुंगळे फॉर्मिक आम्ल फवारतात, म्हणून उघडा सोल्डर त्यांच्या वाटेत नको.

नंतर उरते खोलीची धडधड: पावले, पंखा, दार. सायकलच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबवर जड फरशी आणि फरशीवर वसाहत, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय. तरीही राहिलेले १५० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने, म्हणजे त्याखालचे खर्ज आवाज गाळणाऱ्या फिल्टरने, कापते.

दुसरा धागा म्हणजे ये-जा. घर आणि डबा जोडणाऱ्या नळीत मुंग्या भिंतीवरून, छतावरून कुठूनही चालतात आणि मोजणीसाठी लावलेला एकच प्रकाशझोत हमखास चुकवतात. म्हणून नळीच्या मध्ये ४ मिलिमीटर उंचीचा आणि ६ मिलिमीटर रुंदीचा अॅक्रिलिकचा चपटा बोगदा बसवायचा. एका बाजूला ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, समोर प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर, आणि दोघांपुढे काळ्या कागदात १ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर उंच उभी फट. अशा दोन जोड्या १५ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या की दिशाही कळते, वेगही कळतो.

एलईडीला १ किलोओहमचा रोध आणि फोटोट्रान्झिस्टरला १० किलोओहमचा पुल-अप (पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडलेला रोध), इथून सुरुवात करावी. बोगदा रिकामा असताना आर्डुइनो या सेन्सर वाचणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवरचा आकडा १०२३ पैकी २०० ते ३०० असायला हवा. तो शून्याला टेकत असेल तर प्रकाश जास्त झाला आहे आणि अर्धवट सावली पकडली जाणार नाही. अशा वेळी एलईडीचा रोध वाढवावा. सेकंदाला २०० वाचने पुरतात. आधाररेषा स्थिर धरू नका. धूळ आणि बाष्प यांमुळे ती दिवसभर सरकत राहते, म्हणून मागच्या मिनिटाचा मध्यक घेऊन उंबरठा ठरवावा. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असते, तेव्हा खिडकी टाळावी. मात्र ऊन अडवायला सगळी नळी काळ्या पट्टीने झाकू नये. अंधारी, अरुंद जागा दिसली की मुंग्या अंडी-अळ्या उचलून तिथेच बिऱ्हाड थाटतात आणि बोगदा बंद पडतो. सेन्सरपुरते ३ सेंटिमीटर झाकणे पुरेसे.

आता स्वर. इथे माझे मत ठाम आहे. प्रत्येक मुंगीमागे एक सूर लावायचा आणि भूप रागाचे पाच स्वर द्यायचे, की काहीही गोड लागते. मुंग्या असोत की यादृच्छिक आकडे, फरक ऐकूच येत नाही. मी बाहेरचा एकही स्वर वापरत नाही. प्युअर डेटा या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पिझोचा शेवटच्या १० सेकंदांचा आवाज सतत साठत असतो. मुंगी बाहेर निघाली की त्यातला एक तुकडा सरळ वाजतो, परत आली की उलटा. तुकड्याची लांबी म्हणजे तिला दोन झोतांमधले अंतर कापायला लागलेला वेळ. मुंगी झोतातच थांबून मिशा साफ करत बसली आणि सावली २ सेकंदांहून जास्त टिकली, तर तो तुकडा आसेसारखा, म्हणजे अखंड धरलेल्या सुरासारखा, लांबत जातो. वेळेला मी हात लावत नाही, कुठल्याही ठेक्यात बसवत नाही. अन्न ठेवल्यावर आधी एकच मुंगी, मग माग काढत येणाऱ्या चार, मग रांग, ही वाढ काही मिनिटांत कानाला कळते. ती ठेक्यात कोंबली की मरते.

तापमानाचा सेन्सर जवळ असावाच. हार्लो शॅप्ली या खगोलशास्त्रज्ञाने १९२० साली मुंग्यांच्या चालीचा वेग आणि तापमान यांचे पक्के नाते मोजून दाखवले होते. तीच रचना गारठ्यात संथ आणि विरळ लागते. अशा वेळी बिघाड शोधण्याआधी तापमान पाहावे.

श्रोत्याचा सहभाग कसा ठेवायचा? काचेवर टकटक किंवा फुंकर नकोच. श्वासानेसुद्धा वसाहत बिथरते. मी वेगळ्या टेबलावर लाकडी फळी ठेवते आणि तिच्या खाली कंपन देणारा एक्सायटर बसवते. श्रोत्याने हातांची दोन्ही कोपरे फळीवर टेकवून कान बंद करायचे. आवाज हाडांतून चढतो. फळीच्या दोन्ही टोकांखाली दाब मोजणारे सेन्सर आहेत: डावीकडे झुकले की अन्नाचा पत्रा पुढे येतो, उजवीकडे झुकले की बोगदा. कोपर न हलवता बसले की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

ही फळी वसाहतीच्या टेबलाला कुठेही टेकता कामा नये, वायरसुद्धा सैल हवी. हुबर्ट मार्कल यांनी १९६५ मध्ये पानकापू मुंग्यांवर दाखवले, की मातीखाली गाडलेली मुंगी किरकिरते आणि बाकीच्या तिला उकरून काढायला धावतात. आपलाच आवाज फरशीतून त्यांच्या पायांपर्यंत परत गेला, तर त्यांना कुणी अडकल्याची हाक ऐकू येऊ शकते. तपासणी सोपी आहे: एक्सायटर पूर्ण आवाजात चालू करून पत्र्यावरच्या पिझोची पातळी बघायची. ती जागची हलली तर फरशीखालची ट्यूब आणखी मऊ करायची, नाहीतर टेबले दूर सरकवायची, आणि पातळी स्थिर होईपर्यंत श्रोत्यांना बोलवायचे नाही.