गालावरचा प्रत्येक खड्डा वेगळा

पुटकुळ्या गेल्या की मागे जे उरतं त्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "यावर लावू काय?" माझ्या भाचीनेही परवा तोच विचारला. तिला लगेच एखाद्या क्रीमचं नाव हवं होतं. मी तिला आधी खिडकीजवळ बसवलं आणि तिच्या गालावर नक्की काय काय आहे ते दोघींनी मिळून पाहिलं.

मला हे पाहायची सवय माझ्याच चेहऱ्याने लावली. माझ्या डाव्या गालावर पसरट खोलगट भाग आहेत, नाकाजवळ बारीक खोल छिद्रं आहेत आणि जबड्याच्या कडेला एक टणक उंचवटा आहे. तिन्ही पुटकुळ्यांचीच देणगी, पण एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाही. हे समजल्यावर माझा उपचाराकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली तपासणी बोटाने करायची. डोळे मिटून बोट फिरवा. त्वचा सपाट लागते आणि फक्त रंग वेगळा दिसतो, तर तो डाग आहे, व्रण (त्वचेची रचनाच बदलून राहिलेली खूण) नाही. तपकिरी किंवा काळपट डागात दाह झालेल्या जागी रंगद्रव्य जास्त साठलेलं असतं. लालसर डागात बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. पारदर्शक काचेने दाबल्यावर लाली फिकी पडली तर तो दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप फिकट होतात, मात्र ऊन लागत राहिलं तर तपकिरी डाग रेंगाळतात. सावळ्या त्वचेला तर नुसता दिसणारा प्रकाशही डाग गडद करायला पुरतो, म्हणून लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन तिथे जास्त उपयोगी. ॲझेलेइक ॲसिड आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वापासून बनलेली किंवा तशीच काम करणारी औषधं) मदत करतात, पण रेटिनॉइड गरोदरपणात वापरायची नाहीत. आणि लिंबाचा रस, टूथपेस्ट, बेकिंग सोडा हे कृपा करून चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्यांनी त्वचा चुरचुरते, पुन्हा दाह होतो आणि नवे डाग उमटतात.

बोटाला खळगा लागला, तर मात्र गोष्ट वेगळी. खोल दाहात त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, नष्ट होतं आणि ते पुरेसं भरून येत नाही. बहुसंख्य व्रण याच खोलगट गटातले असतात. ते बघायला समोरून येणारा झगझगीत उजेड कामाचा नाही, त्यात सगळं सपाट दिसतं. उजेड बाजूने पडला पाहिजे, म्हणजे प्रत्येक खळग्याची सावली दिसते. मग दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणायची. गुडमन आणि बॅरन या डॉक्टरांनी 2006 मध्ये व्रणांच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांत ही ताणण्याची चाचणी आहे. साधारण 50 सेंटिमीटरवरून दिसणारा खळगा ताणल्यावर सपाट झाला तर मध्यम, ताणूनही तसाच राहिला तर तीव्र.

खोलगट व्रणांचे तीन प्रकार 2001 पासून सगळीकडे मानले जातात: आइसपिक, बॉक्सकार आणि रोलिंग.

रोलिंगपासून सुरुवात करते, कारण माझ्या चेहऱ्यावर ते जास्त आहेत. हे साधारण 4 ते 5 मिलिमीटरपेक्षा रुंद, कडा उतरत्या, त्यामुळे गाल लाटांसारखा वरखाली दिसतो. वरच्या त्वचेत फारसा दोष नसतो. तिला खालच्या थराशी बांधणारे तंतू तिला आत ओढून धरतात, गादीला टाके मारल्यावर ती जिथे टाका तिथे दबते तशी. वरून कितीही क्रीम चोळलं, ॲसिडने वरचा थर काढणारं पील केलं, तरी हे टाके सुटत नाहीत. ते कापावे लागतात. त्या प्रक्रियेला सबसिजन म्हणतात, तिचं वर्णन 1995 मध्ये ओरेंट्राइक या त्वचारोगतज्ज्ञांनी केलं. जागा बधिर करून डॉक्टर त्वचेखाली सुई किंवा बोथट नळी घालतात आणि आडवी पुढेमागे फिरवतात. तंतू तुटताना दुखत नाही, पण करकर असा आवाज डोक्यात घुमतो. त्याबद्दल आधीच सांगायला हवं, कारण न सांगता तो ऐकला तर माणूस घाबरतो. नंतर गाल सुजतो, काळानिळा पडतो आणि तो रंग उतरायला एक-दोन आठवडे जातात. आत साचलेलं थोडं रक्त त्वचेला खाली चिकटू देत नाही, आणि हळूहळू तिथे नवं कोलॅजन तयार होतं. एकदा करून बहुतेकदा भागत नाही, पुन्हा करावं लागतं. माझ्या गालावरची सावली यानेच सर्वांत जास्त कमी झाली.

आइसपिक म्हणजे 2 मिलिमीटरपेक्षा अरुंद पण खोल छिद्रं, आतल्या टोकाला निमुळती होत गेलेली. लोक त्यांना मोठी झालेली रोमछिद्रं समजतात. त्यांचा तळ इतका खोल असतो की लेसर किंवा बारीक सुयांचा रोलर तिथपर्यंत नीट पोचत नाही. यावर टीसीए क्रॉस ही पद्धत 2002 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी मांडली: 65 ते 100 टक्के तीव्रतेचं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टोकदार काडीने फक्त छिद्राच्या आत टेकवायचं. जागा पांढरी पडते, नंतर खपली धरते आणि भरताना छिद्र आतून आवळत जातं. हे ॲसिड ऑनलाइन विकत मिळतं आणि लोक घरी स्वतः लावतात, त्याची मला फार काळजी वाटते. एक थेंब कडेच्या निरोगी त्वचेवर सांडला तर तिथे नवा, आधीपेक्षा रुंद व्रण होऊ शकतो. अगदी खोल छिद्र असेल तर पंच एक्सिजन करतात, म्हणजे गोल पात्याने तेवढंच कापून बारीक टाका घालतात.

बॉक्सकारच्या कडा सरळ उभ्या कापल्यासारख्या, तळ सपाट, रुंदी साधारण दीड ते चार मिलिमीटर. उथळ असेल तर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेसरने बराच फरक पडतो. खोल असेल आणि तळाची त्वचा चांगली असेल, तर ती गोल कापून वर उचलून आजूबाजूच्या पातळीला आणतात.

लेसरबद्दल एक महत्त्वाचं. फ्रॅक्शनल तंत्र 2004 मध्ये आलं. त्यात पूर्ण पृष्ठभाग न जाळता सूक्ष्म ठिपक्यांत इजा करतात आणि मधल्या निरोगी त्वचेमुळे भरणं लवकर होतं. तरीही त्वचा जितकी सावळी, तितका नंतर काळे डाग येण्याचा धोका जास्त. म्हणून कमी तीव्रता, दोन बैठकींत जास्त अंतर आणि कडक ऊनबंदी. सावळ्या त्वचेला मायक्रोनीडलिंगचा हा धोका त्या मानाने कमी. पण दवाखान्यातल्या सुया साधारण दीड ते अडीच मिलिमीटर आत जातात. घरगुती रोलरच्या बारीक सुया व्रणापर्यंत पोचतच नाहीत, आणि पुटकुळ्या चालू असताना तो फिरवला तर संसर्ग चेहराभर पसरू शकतो.

आता उंचवटे. जबडा, छाती, खांदे, पाठ या जागी कधीकधी कोलॅजन उलट जास्त तयार होतं आणि व्रण वर येतो. मूळ जखमेच्या हद्दीतच राहिला तर तो हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडून वाढत गेला तर केलॉइड. दोन्हींत ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड त्या गाठीतच टोचतात, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि जोडीला सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. माझा उंचवटा याने मऊ आणि सपाट होत आला आहे. केलॉइड नुसतं कापून काढलं तर ते बरेचदा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. तुमच्या किंवा घरात कुणाच्या अंगावर केलॉइड असेल तर कुठल्याही प्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा, ते विचारायची वाट पाहू नका.

आयसोट्रेटिनॉइन (तीव्र पुटकुळ्यांसाठी पोटात घ्यायचं औषध) चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर तेही सांगा. पूर्वी त्यानंतर सहा महिने कशालाच हात लावत नसत. 2017 मध्ये तज्ज्ञांनी पुरावे तपासले आणि वरवरचे पील, फ्रॅक्शनल लेसर यांसाठी एवढं थांबण्याला आधार नाही असं म्हटलं. त्वचा घासून काढणारं डर्माब्रेजन आणि संपूर्ण थर जाळणारं लेसर मात्र त्या काळात टाळायलाच सांगितलं.

कुठलाच उपचार त्वचा आधीसारखी करत नाही. चांगल्या हातांनी बराच फरक पडतो, आणि तो दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कारण कोलॅजन सावकाश बनतं. फोटो काढायचे तर त्याच जागी, त्याच बाजूच्या उजेडात काढा. रोज आरशात पाहून काही कळत नाही, मनाला त्रास तेवढा होतो.

भाचीच्या गालावर आम्हाला काय सापडलं? बरेचसे तपकिरी डाग, दोन-तीन उथळ बॉक्सकार आणि हनुवटीवर अजून दुखणाऱ्या, खोल गाठी. त्या गाठीच आधी थांबवायला हव्यात, कारण पुढचे खड्डे तिथूनच येणार. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ॲडापॅलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलं आहे. या जोडीचा 24 आठवड्यांचा एक अभ्यास झाला होता. त्यात चेहऱ्याच्या ज्या अर्ध्या भागाला हे औषध लावलं तिथले खोलगट व्रण कमी झाले, तर साधं जेल लावलेल्या अर्ध्यावर कमी झाले नाहीत. म्हणजे "यावर लावू काय" या तिच्या प्रश्नाला सध्यापुरतं उत्तर आहे: हे जेल रात्री, सकाळी सनस्क्रीन, आणि गाठींना नखं लावायची नाहीत. बॉक्सकारचं काय करायचं ते गाठी पूर्ण शांत झाल्यावर डॉक्टर ठरवतील.