टोफिनोला जायचं होतं, अडकले नावात

आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, तेव्हा त्यांना टोफिनो दाखवायचंच असं आमचं ठरलेलं. कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंड बेटाच्या पश्चिमेला हायवे ४ जिथे संपतो ते गाव, पुढे नुसता पॅसिफिक. व्हँकुव्हरजवळच्या हॉर्सशू बेहून बेटावरच्या नानाइमोला फेरीने १ तास ४० मिनिटं आणि तिथून गाडीने साधारण तीन तास. फेरीचं बुकिंग दहा मिनिटांत झालं. घोडं अडलं ते राहायच्या जागेवर.

एका बुकिंग साइटवर चेस्टरमन बीचजवळ छान केबिन मिळाली, किचनसकट, कारण बाबांना रोज बाहेरचं चालत नाही. डिपॉझिट भरलं आणि लगेच मेल आला की ओळखपत्र अपलोड करा. लायसन्स अपलोड केलं तर रिजेक्ट, म्हणे नाव जुळत नाही. आता माझ्या लायसन्सवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं, शेवटी सासरचं आडनाव, आणि ज्या कार्डाने पैसे भरले ते स्टुडंट असतानाचं, त्यावर बाबांचं नाव नि माहेरचं आडनाव. आपल्याकडे अर्ध्या बायकांची कागदपत्रं अशीच असतात! मग मॅरेज सर्टिफिकेट टाकलं. ते ग्रामपंचायतीचं, मराठीत, त्यामुळे तेही रिजेक्ट. पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला, त्यावर नवऱ्याचं नाव स्पष्ट छापलंय, तर उत्तर आलं की फोटो असलेलंच पान पाहिजे. फोटोच्या पानावर नवऱ्याचं नाव नसतं हो, हे मी तीनदा लिहिलं आणि तीनदा तोच छापील मेल परत आला.

असे अकरा दिवस गेले. रोज ऑफिस सुटलं की साइटच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा आणि एकीकडे पोळ्या लाटायच्या. एकदा तर ४७ मिनिटं थांबून कट झाला, तव्यावरची पोळी करपली आणि मला खरंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनवरच्या एकाने सुचवलं की मिस्टरांच्या नावाने नवीन बुकिंग करा, लगेच होईल. माझं डोकंच फिरलं. जागा मी शोधली, पैसे माझे, आईबाबा माझे, मग माझ्या नावाने का नाही? मी नाही म्हटलं ते बरंच केलं.

शेवटी केबिनचा नंबर शोधून थेट मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी नाव विचारलं, कार्ड घेतलं, पाच मिनिटांत काम झालं. मी फोन ठेवून तिथेच खुर्चीत बसले. म्हणून सांगते, जागा साइटवर बघा पण बुकिंग थेट फोनवर करा, आणि कार्ड नि लायसन्सवरची नावं आधीच एकसारखी करून घ्या.

हो, १ ऑक्टोबरपासून हायवे ४ वर विंटर टायर लागतात, आम्ही ऑक्टोबरात गेलो म्हणून सांगते. पेट्रोल पोर्ट अल्बर्नीला भरून घ्या, पुढे बराच वेळ मोबाइलला रेंजही नसते. पोर्ट अल्बर्नीच्या आधी कॅथीड्रल ग्रोव्हच्या जंगलात थांबाच. तिथे ८०० वर्षांची डग्लस फरची झाडं आहेत, आई एका बुंध्याला तळहात लावून किती तरी वेळ उभी होती, नंतर म्हणाली, आत ओल लागते गं हाताला.

पाऊस दोन दिवस पडतच होता, छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगलं रेनकोट जॅकेट आणि रबरी बूटच पाहिजेत. सर्फिंगचा क्लास आम्ही दोघांनी केला, पाणी बर्फासारखं, पण ५ मिलिमीटर जाड रबरी वेटसूट, बूट, हातमोजे असले की तासभर काही वाटत नाही. मी दोनदा बोर्डवर उभी राहिले, बाबांनी किनाऱ्यावरून टाळ्या वाजवल्या! चेस्टरमनला ओहोटीच्या वेळी वाळूवरून फ्रँक आयलंडपर्यंत चालत जाता येतं, फक्त भरतीची वेळ आधी बघून ठेवा.

साइटवरचं पहिलं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही. कॅन्सल करायलासुद्धा आधी ओळख पटवावी लागते म्हणे. सोमवारी परत फोन लावणार आहे, माझ्याच नावाने.