वाड्यावर बांधलेलं कुळाचं घर

इंग्लंडमधल्या यॉर्कचे दोन दिवस गर्दीतच गेले. तिथलं आईला फारसं काही आठवत नाही, आणि मलाही नाही. तिसऱ्या दिवशी मॉल्टनहून टॅक्सी करून आम्ही व्हॅरम पर्सीला गेलो. ते मात्र दोघींच्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

व्हॅरम पर्सी हे यॉर्कशरच्या टेकड्यांमधलं उठलेलं गाव. प्रवेश फुकट. गाडी वर थांबते, पुढे एक किलोमीटरहून जास्त चालायचं. वाट उतरणीची, पाऊस पडून गेलेला, बुटाखाली पांढरा चिखल. चहा नाही, संडासही नाही. साठीच्या आईला घेऊन येताना हे आधी बघायला हवं होतं, माझं चुकलंच. ती मात्र कुरकुरली नाही.

खाली पोचल्यावर दिसतं ते गवत, मेंढ्या आणि बिनछपराचं चर्च. त्याचा अर्धा बुरूज १९५९ मध्ये कोसळला. गाव उठल्यावरही आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक याच चर्चमध्ये येत राहिले. हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्या पळसनाथासारखं." तिचं माहेर जुनं पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं. उजनी धरणात गाव गेलं, देऊळ राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं, आणि कधीकधी घरांची जोतीही.

इथलं उत्खनन १९५० ते १९९०, चाळीस उन्हाळे चाललं. ते चालवलं दोघांनी: मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक, जॉन हर्स्ट हा मध्ययुगीन मातीच्या भांड्यांचा जाणकार. गावोगावचे स्वयंसेवक दर उन्हाळ्यात येऊन खोदायचे. किल्ले आणि मठ सोडून साध्या शेतकऱ्याचं घर इतक्या चिकाटीने खोदणारे तेव्हा फार नव्हते. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

खोदायला घेतलं होतं एका कुळाचं घर. त्याच्या खाली लागल्या बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या वाड्याच्या तळघराच्या दगडी भिंती. पुढे तो वाडा मोडला, दुसरा वाडा गावाच्या उत्तर टोकाला होता, आणि मोडल्या वाड्याची जागा कुळांकडे आली. ज्या दारात धान्याचा वाटा नेऊन घालायचा, त्याच दाराच्या जागेवर एखाद्या कुळाने आपली चूल मांडली असेल. तिथे मी बराच वेळ उभी होते. खोदलेलं बरंचसं आता परत मातीखाली आहे.

काही घरांच्या भिंतींच्या रेषा मात्र जमिनीवर आखून ठेवल्या आहेत. लांबट घर, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. मी सरळ रेषा ओलांडून मधे गेले. आई बाहेरच थांबली. रेषेच्या कडेकडेने चालत ती दाराच्या जागेपाशी आली, पदर सावरला आणि तिथून आत आली.

"चूल कुठं होती गं?"

"मधोमध. धूर छपरातून जायचा."

तिने मधल्या जागेला वळसा घातला. मग गोठ्याच्या टोकाला जाऊन उताराकडे बघितलं, "मूत तिकडं जात असणार," म्हणाली. मी फलक वाचून जे समजून घेत होते, ते तिला पायांनी कळत होतं. बारा वर्षांची असताना धरणामुळे घर सोडून निघाली तेव्हा आजीने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं होतं, हे तिने मला तिथे पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं कधी बोलली नव्हती.

मग विचारलं, "ह्यांना कुणी उठवलं?"

चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीने गाव खचलं होतं, पण संपलं नव्हतं. लोकरीला भाव होता, नांगराखालच्या जमिनीपेक्षा कुरणात पैसा जास्त होता. १५०० च्या सुमारास उरलेली चार कुटुंबं जमीनदाराने काढली आणि मेंढ्या सोडल्या.

"चारच?" आई म्हणाली. "मग त्यांना जागा कुणी दिली?"

त्याचं उत्तर फलकावर नव्हतं. चढ चढताना ती तीनदा थांबली, तिन्ही वेळा मागे वळून बघितलं. टॅक्सीत बसल्या बसल्या मामाला फोन लावला. इकडची चौकशी त्याला करू दिली नाही. "औंदा पाणी किती उतरलंय रे? जोती दिसायला लागली का?"