तुम्ही विचारलंत म्हणून : ‘ज्युबिली’ मूळची कुणाची?

मी संस्थांच्या स्मरणिका संपादित करते. रौप्य, सुवर्ण, हीरक, काहीही असो, कुणीतरी विचारतंच : ज्युबिली हा शब्द लॅटिन की हिब्रू? दोन्हींचा. पण जीव हिब्रूचा आहे.

हिब्रूत ‘योवेल’ म्हणजे एडका, आणि त्याचं शिंगही. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हिशेब दिलाय : सात वर्षांची सात आवर्तनं मोजायची आणि पन्नासाव्या वर्षी, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, शिंग फुंकायचं. मग विकलेली शेतजमीन मूळ घराण्याकडे परत. कर्जापायी विकला गेलेला भाऊबंदही आपल्या घरी परत. जमिनीची किंमतसुद्धा पुढच्या योवेलपर्यंत किती पिकं निघतील त्यावर ठरे. विकली जायची ती पिकं, जमीन नव्हे. मला हे कलम वाचताना अजून भरून येतं. शिंगावरून त्या वर्षालाच नाव पडलं, आणि मराठी बायबल आजही ‘योबेल वर्ष’च म्हणतं.

हा शब्द ग्रीकमार्गे लॅटिनमध्ये गेला. तिथे ‘युबिलारे’ आधीपासून होतं, अगदी वेगळ्या कुळातलं. प्राचीन रोमन पंडित वारो सांगतो, ते खेडुतांचं ओरडणं. आपल्याकडे शेतातून हाळी देतात ना, तसं. पुढे त्याला हर्षाच्या आरोळीचा अर्थ आला. दोन्ही शब्द कानाला जवळचे, म्हणून ‘यो’चा ‘यु’ झाला आणि ‘युबिलेउस’ तयार झाला. रोममध्ये 1300 साली पोप आठवे बोनिफेस यांनी जाहीर केलेलं पापक्षमेचं वर्ष याच नावाने ओळखलं जातं. पुढे 1475 पासून ते दर पंचवीस वर्षांनी येऊ लागलं. आनंदाची आरोळी राहिली, सातबारा मागे पडला. याचं मला खरंच वाईट वाटतं.

ते शिंग मात्र अजून वाजतं. सातव्या महिन्याचा दहावा दिवस म्हणजे योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणातल्या बेने इस्राएल घरातली माझी मैत्रीण मला एकदा त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये घेऊन गेली. दिवसभराच्या उपासाने सगळ्यांचे ओठ सुकलेले. एका आजोबांनी पिवळट, पिळदार शिंग तोंडाला लावलं. पहिल्यांदा नुसती हवाच आली. त्यांनी ओठ ओले केले, पुन्हा फुंकलं, आणि एकच लांब, खरखरीत सूर निघाला. संपेपर्यंत कुणी हललं नाही.